नव्वद हजार भरायच्या आधी

चिपळूण तालुक्यातल्या एका मुलीचं पत्र आलं आहे. वय 23, इलेक्ट्रिकलमधून बी. ई., 2024 ची बॅच. वडिलांचं बाजारपेठेत मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि घरात इंजिनियर झालेली ही पहिलीच. कॅम्पसला आलेल्या आयटी कंपनीच्या ॲप्टिट्यूड टेस्टमध्ये ती अडकली. नंतर लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत मुलाखत झाली. तिथे स्टार-डेल्टा स्टार्टरचं (मोठी मोटर कमी करंटवर सुरू करणाऱ्या जोडणीचं) कंट्रोल सर्किट काढायला सांगितलं, ते जमलं नाही. मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचं मीटर) कसा लावतात असं विचारलं, तिथेही ती गप्प राहिली. समोरचे साहेब म्हणाले, "ऐंशी टक्के इंजिनियर असेच असतात. डिग्री असते, कामाचे नसतात." तेव्हापासून ती घरी आहे. आता पुण्यातल्या एका संस्थेचा सहा महिन्यांचा 'फुल स्टॅक' (वेबसाइट-ॲपच्या प्रोग्रामिंगचा) कोर्स समोर आहे, मैत्रिणीही तिकडे गेल्या आहेत. फी 90,000 रुपये आणि वर 'शंभर टक्के प्लेसमेंट असिस्टन्स'. आईचे दागिने पतपेढीत ठेवून पैसे उभे करायला वडील तयार आहेत. ती विचारते, "माझ्यात स्किल काहीच नाही. हा कोर्स करू, की सरळ स्पर्धा परीक्षांना बसू? बाबांचे आणखी पैसे फुकट जातील याची भीती वाटते."

प्रिय मुली,

वयाचा फायदा घेऊन 'तू'च म्हणतो. माझी नोकरी सगळी कारखान्यांच्या मेंटेनन्समध्ये गेली आणि मुलाखतीच्या टेबलाच्या त्या बाजूलाही मी पुष्कळ बसलो आहे. म्हणून आधी त्या साहेबांचे ऐंशी टक्के बघू.

आकडा अगदीच हवेतला नाही. ॲस्पायरिंग माइंड्स नावाच्या कंपनीच्या 2016 च्या आणि पुन्हा 2019 च्या अहवालात तो होता. पण तिथे 'नॉलेज इकॉनॉमी'तल्या नोकऱ्यांबद्दल बोललेलं होतं, मोजमाप संगणकावरच्या परीक्षेने केलेलं होतं आणि अशा परीक्षा घेणं हाच त्या कंपनीचा धंदा होता. मेगर धरता येतो का, हे त्यात कोणी तपासलं नव्हतं. त्याच 2019 च्या अहवालात आणखी एक आकडा होता, तो मात्र मुलाखतीत कोणी ऐकवत नाही: इंटर्नशिप करणारे विद्यार्थी जेमतेम 40 टक्के. आता इंटर्नशिप द्यायची कोणी? कारखान्यांनीच ना? गेटवरच्या वॉचमनकडून मुलांना परत पाठवायचं आणि चार वर्षांनी त्यांनाच 'कामाचे नाहीत' म्हणायचं, हे मी जवळून पाहिलं आहे. त्या वाक्याचं ओझं तू एकटीने वाहू नकोस.

दुसरं, 'स्किल काहीच नाही' हे तुझं वाक्य. पत्रातला पुरावा बघितला तर तुला दोन गोष्टी आल्या नाहीत. स्टारमध्ये सुरू केल्यावर लाइनचा करंट डीओएलच्या, म्हणजे मोटर थेट लाइनवर सुरू करण्याच्या, एक तृतीयांश होतो आणि टॉर्कही तेवढाच उतरतो, हे तू पेपरात नक्की लिहिलं असशील. सर्किट मात्र काढता आलं नाही. मग ते सर्किट असतं तरी केवढं? मेन, स्टार आणि डेल्टा असे तीन कॉन्टॅक्टर (कॉइलला वीज दिली की ओढले जाणारे स्विच), एक टायमर, एक ओव्हरलोड रिले. स्टॉपचं बटन एनसी (एरवी जोडलेलं), स्टार्टचं एनओ (एरवी तुटलेलं), स्टार्टला समांतर मेन कॉन्टॅक्टरचा होल्डिंग कॉन्टॅक्ट, आणि ओव्हरलोडचा एनसी सगळ्यांच्या आधी सिरीजमध्ये. स्टार आणि डेल्टा एकदम आत गेले तर सरळ शॉर्ट, म्हणून एकाचा एनसी दुसऱ्याच्या कॉइलच्या वाटेत. विचारणाऱ्याची नजर खरं तर या शेवटच्या इंटरलॉकवर असते. बाकी रेघा वाकड्या आल्या तरी चालतात. हे कागदावर शिकायला दोन संध्याकाळी पुरतात आणि हाताने जोडून चालवायला फार तर आठवडा. यासाठी नव्वद हजार लागत नाहीत.

अशा आणखी किती गोष्टी राहिल्यात ते तुला ठाऊक नाही, आणि भीती तिथूनच येते. म्हणून कोर्स निवडण्याआधी मोजणी कर. लोटे, खेर्डी, खडपोली, महाड, रोहा इथल्या इलेक्ट्रिकल मेंटेनन्सच्या जाहिराती जमव, मिळतील तेवढ्या. त्यांत तेच तेच शब्द येतात: एलटी (कमी दाबाचं) पॅनल, ट्रान्सफॉर्मर, व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारं उपकरण), पीएलसी (यंत्रं चालवणारा छोटा संगणक), अर्थिंग, प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, वर्क परमिट. वहीत प्रत्येक शब्दापुढे तीन रकाने आख: वाचलंय, पाहिलंय, केलंय. प्रामाणिकपणे भरलेस तर पहिला रकाना बहुतेक भरलेला दिसेल आणि तिसरा रिकामा. तुझ्या बॅचच्या निम्म्याहून जास्त मुलांचं पान असंच निघेल, अगदी पुण्यात नोकरी करणाऱ्यांचंही.

तिसरा रकाना रिकामा का राहतो, हे आपल्याकडच्या लॅबमध्ये डोकावलं की कळतं. एका पॅनलभोवती पाच-सहा जण. जोडणी एक जण करतो, एक रीडिंग सांगतो, उरलेले लिहून घेतात. मशीन बंद असेल तर रीडिंग गेल्या वर्षीच्या जर्नलमधून येतात. आणि जोडणी करणारा तो एक जण बहुतेक वेळा मुलगा असतो. मुलींचं अक्षर चांगलं म्हणून जर्नल त्यांच्याकडे. तुझ्याबाबतीत हे झालं असेल तर त्यात तुझ्या बुद्धीचा दोष नाही. पण आता ते भरून काढायला तुलाच स्क्रूड्रायव्हर हातात घ्यावा लागेल.

आता एक प्रश्न. पत्रात तू बाबांच्या दुकानाचा उल्लेख फक्त उत्पन्नाच्या संदर्भात केला आहेस. त्या दुकानात तू किती बसलीस? मला वाटतं, बाबांनीच बसू दिलं नसेल. "तू शिक, या तेलकट कामात नको पडूस," असं म्हणणारे बाप कोकणात घरोघरी आहेत आणि त्यांची माया खोटी नाही. इंजिनियर झालेली मुलगी दुकानात पाना घेऊन बसली तर बाजारपेठ काय म्हणेल, हाही एक भाग असतो. पण ज्या दोन गोष्टींवर तू लोट्याला अडलीस, त्या त्या दुकानात रोज होतात.

सुपारीच्या बागेतला पंप पावसाळाभर बंद पडून राहतो, दिवाळीनंतर कोणीतरी बटन दाबतं आणि मोटर दुकानात येते. ती उघडायच्या आधी बाबा काय करतात ते बघ. नेमप्लेट पुसून वाचतात. हाताने शाफ्ट फिरवून बेअरिंग जाम आहे का पाहतात. मग मेगरची एक वायर टर्मिनलला, दुसरी बॉडीला. 415 व्होल्टच्या मोटरला 500 व्होल्टचा मेगर. आकडा एका मेगाओहमच्या खाली आला तर दमट हवेने वाइंडिंग ओल धरून असेल, मग ती वाळवायची आणि पुन्हा मोजायची. शून्यच दाखवलं तर वाइंडिंग बॉडीला टेकलेली, म्हणजे 'अर्थ' झालेली, ती नव्याने भरायलाच घ्यावी लागणार. हे सगळं तुझ्या पुस्तकात 'इन्सुलेशन रेझिस्टन्स' या नावाखाली दोन पानांत आहे. आकड्यावरून निर्णय कसा घ्यायचा ते मात्र मोटर समोर असल्याशिवाय उमगत नाही.

म्हणून दोन महिने रोज सकाळी दुकानात जा. बाबांना सांग, मदतीला नाही, शिकायला येते. भंगारातले तीन कॉन्टॅक्टर, एक टायमर आणि एक रिले घेऊन प्लायवूडच्या तुकड्यावर तो स्टार्टर जोड. चालला की त्यात मुद्दाम बिघाड करून घे: होल्डिंगची वायर काढायला एखाद्या पोऱ्याला सांग आणि मीटर लावून शोध. फॉल्ट शोधता येणं यासाठीच मेंटेनन्सच्या माणसाला पगार मिळतो. एक सांभाळ. बाबा चालू लाइनवर काम करत असतील, टेस्ट लॅम्पवर भागवत असतील. ती सवय उचलू नकोस. केमिकल प्लांटमध्ये सप्लाय बंद करून, कुलूप घालून, टॅग लावून, परमिटवर सही झाल्याशिवाय मोटरला हात लावत नाहीत. मुलाखतीत तू हा क्रम आपणहून सांगितलास तर समोरचा माणूस खुर्चीत पुढे सरकेल.

आणि रोज रात्री त्या दिवसाच्या एका मोटरचा अर्धं पान रिपोर्ट लिही, इंग्रजीत. काय तक्रार होती, काय तपासलं, आकडे काय आले, कारण काय निघालं, काय केलं, चालू केल्यावर टाँग टेस्टरवर प्रत्येक फेजला किती अँपिअर आले. तू लिहिलं नाहीस, पण इंग्रजीची धास्ती तुलाही असणारच, कारण माझ्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी बहुतेकांत ती असते. लोट्यात शॉपफ्लोअरवर मराठी-हिंदीच चालते. इंग्रजी लागतं ते लॉगबुकात, परमिटवर आणि ईमेलमध्ये, आणि ते एवढंच, असंच लागतं. स्पीकिंगच्या क्लासपेक्षा अशा चाळीसएक रिपोर्टांनी तुझं जास्त काम होईल. शिवाय मुलाखतीला नेण्यासाठी फाइल तयार होते. प्रोजेक्ट रिपोर्टची बांधीव प्रत सगळेच आणतात. स्वतः तपासलेल्या मोटरींची फाइल घेऊन येणारा उमेदवार मला क्वचितच भेटला.

अर्थात दुकानाची हद्द आहे. ट्रान्सफॉर्मर यार्ड, एचटी (उच्च दाबाचं) पॅनल, पीएलसी या गोष्टी तिथे शिकायला मिळणार नाहीत. त्यासाठी कारखान्यात शिरायला हवं, आणि शिरायचा सरळ दरवाजा अप्रेंटिसशिपचा. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली पदवीधरांना एक वर्षाचं प्रशिक्षण मिळतं, महिन्याला विद्यावेतन मिळतं आणि ठरलेल्या किमान विद्यावेतनाचा अर्धा भार केंद्र सरकार उचलतं. 2019 मध्ये नियम बदलले, तेव्हापासून 30 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना आपल्या मनुष्यबळाच्या 2.5 ते 15 टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे, आणि त्या मनुष्यबळात कंत्राटी कामगारही मोजतात. म्हणजे लोट्याच्या कंपनीत तू अप्रेंटिस म्हणून अर्ज केलास तर ती मेहेरबानी मागणं नाही. नॅट्स या केंद्र सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदव, पण तेवढ्यावर बसून राहू नकोस. कंपनीच्या एचआरला नोंदणी क्रमांकासह थेट मेल कर. कोकण रेल्वेही पदवीधर अप्रेंटिस घेते, त्यांच्या जाहिरातींवर नजर ठेव. 2022 मध्ये हा मार्ग पूर्ण विजेवर आला, तेव्हा इलेक्ट्रिकलच्या मुलांना आता तिथे पूर्वीपेक्षा बघण्यासारखं बरंच आहे.

अप्रेंटिसशिपच्या दोन बाजू आधीच माहीत असू देत. वर्षभराचा किंवा त्याहून जास्त अनुभव किंवा प्रशिक्षण झालेलं असेल तर ही संधी जाते, आणि एकदा वर्ष केलं की दुसऱ्या कंपनीत पुन्हा करता येत नाही. म्हणून पहिली हो म्हणेल तिथे डोळे मिटून जाऊ नकोस, कोणत्या विभागात बसवणार ते विचार. एक्सेल भरायला बसवलं तर वर्ष वाया. वर्ष संपल्यावर कायम करण्याची सक्तीही कंपनीवर नाही. 2024 मध्ये राज्य सरकारने आणलेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधरांना महिना 10,000 ठरले होते, पण त्यातल्या पुष्कळांच्या वाट्याला सरकारी कार्यालयात टायपिंग आलं. पैशांची नड असेल तर वाईट नाही, तुझा तिसरा रकाना त्याने भरत नाही.

एक आडवाट आहे, ती कॉलेजात कोणी सांगत नाही. केमिकल कंपन्या वर्षातून एकदा शटडाऊन घेतात. त्या पंधरा-वीस दिवसांत सगळ्या मोटरी, पॅनल, केबली उघडल्या जातात आणि इलेक्ट्रिकल कंत्राटदारांना माणसं पुरत नाहीत. बाबांच्या ओळखीत असा एखादा कंत्राटदार नक्की असेल. पैसे कमी देईल, पण एका शटडाऊनमध्ये जेवढं उघडलेलं बघायला मिळतं, तेवढं एरवी वर्षभरात दिसत नाही.

आता फुल स्टॅकबद्दल. मी त्या क्षेत्राचा शत्रू नाही. प्रोग्रामिंग मनापासून आवडणाऱ्या इलेक्ट्रिकलच्या मुली उत्तम डेव्हलपर झालेल्या पाहिल्या आहेत. पण तुझ्या पत्रात 'आवडतं' हा शब्द कुठेच नाही. 'मैत्रिणी गेल्या' आहे. 'असिस्टन्स' म्हणजे मदत, हमी नव्हे. संस्थेला विचार: गेल्या बॅचमध्ये किती जण होते, किती जणांना नोकरी लागली, कुठे, किती पगारावर, आणि त्यांतल्या चार जणांशी मला बोलता येईल का? मध्येच सोडला तर फी परत मिळते का, हे लेखी घे. 'रविवारपर्यंत सीट बुक करा' अशी घाई करणाऱ्याकडे तर जाऊच नये. मोठमोठ्या आयटी कंपन्यांनी 2022 मध्ये ऑफर लेटर देऊन ठेवलेल्या मुलांना दीड-दोन वर्षं ताटकळत ठेवल्याच्या बातम्या तू वाचल्या असशील. त्यांच्याकडे तर ऑफर होती. नव्वद हजारांवर पुण्यातली कॉट बेसिस आणि मेस धर, म्हणजे खरा खर्च कळेल.

तरी ओढ वाटत असेल तर आधी फुकटात तपास. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात प्रोग्रामिंगचे धडे आहेत, मराठीतही बरेच आहेत. बाबांच्या दुकानात आलेल्या मोटरींची नोंद, पावती आणि राहिलेली बाकी दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहून बघ. तो बाबांनी महिनाभर खरोखर वापरला आणि तुलाही त्यात रात्री जागाव्याशा वाटल्या, तर कोर्सचा विचार कर. मी अडवणार नाही.

दोन्हींच्या मधलं एक क्षेत्र मात्र तू विचारात घेतलेलंच नाहीस, ते ऑटोमेशन. पीएलसीची लॅडर भाषा म्हणजे तुझं तेच कॉन्टॅक्टरचं सर्किट, स्क्रीनवर काढलेलं. ज्याला हाताने होल्डिंग जोडता येतं त्याला लॅडर समजायला वेळ लागत नाही. कोडेसिस हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि त्यात पीएलसी नसतानाही प्रोग्राम चालवून बघता येतो. आयआयटींच्या ऑनलाइन व्याख्यानांच्या एनपीटेलवर इंडस्ट्रियल ऑटोमेशनची व्याख्यानं आहेत. एवढं केल्यावर खर्च करावासा वाटला तर मुंबईत चुनाभट्टीला आयडेमी ही केंद्र सरकारची संस्था आहे, तिथल्या पीएलसी-स्काडाच्या कोर्सची चौकशी कर. पैसे घालायचेच तर शेवटी, आणि जिथे मशीनला हात लावायला मिळतो तिथे.

स्पर्धा परीक्षांचं थोडक्यात सांगतो. रेल्वेचे ज्युनियर इंजिनियर, महावितरण, महापारेषण या परीक्षांचा अभ्यास तुझ्या विषयाचाच आहे, तो दुकानाच्या आणि अप्रेंटिसशिपच्या जोडीने कर. सगळं सोडून खोलीत बसून तीन-चार वर्षं 'तयारी' करणं, यात मी पोरं कोमेजताना पाहिली आहेत.

आणि घरच्या धंद्याकडेही एकदा इंजिनियरच्या नजरेने बघ. 2024 मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या सोलरला 3 किलोवॅट आणि त्यापुढे 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे. लोड काढणं, इन्व्हर्टर निवडणं, अर्थिंग, नेट मीटरची कागदपत्रं हे सगळं बाबांना जड जाईल, तुला नाही. उलट खारी हवा, कौलारू छप्पर आणि वादळवारा यांत काय टिकतं ते त्यांना ठाऊक आहे. नोकरी शोधत असताना दोन-चार सिस्टिम बसवल्यास तर त्याही त्या फाइलमध्ये जातील. पदवी आणि ठरावीक अनुभव यांवर विद्युत पर्यवेक्षकाचं प्रमाणपत्रही मिळतं, त्याची चौकशी विद्युत निरीक्षकांच्या कार्यालयात कर.

हे पत्र इतर शाखांची मुलंही वाचतील, म्हणून दोन शब्द त्यांच्यासाठी. मेकॅनिकलवाल्यांनी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातले बोटींचे डिझेल इंजिन दुरुस्त करणारे आणि बर्फ कारखान्यातले अमोनियाचे कॉम्प्रेसर सोडू नयेत. सिव्हिलवाल्यांच्या दारातून तर मुंबई-गोवा महामार्ग कित्येक वर्षं बांधला जातोय. ऑटो लेव्हल कशी लावतात, काँक्रीटचे क्यूब 7 आणि 28 दिवसांनी का फोडतात, हे साइटवर आठवडाभर उभं राहून कळतं. तीन रकान्यांची वही सगळ्यांना लागू.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट, खास तुझ्यासाठी. प्लांट मेंटेनन्समध्ये शिफ्ट असतात आणि मुलगी म्हटल्यावर काही कंपन्या सरळ डिझाइन किंवा ऑफिसच्या टेबलाकडे ढकलतात. महाराष्ट्रात सुरक्षिततेच्या अटी पाळून स्त्रियांना रात्रपाळी करता येते, तेव्हा 'मला शिफ्ट चालेल' हे तूच मुलाखतीत आधी सांग, जर खरंच चालणार असेल तर. घरी त्याबद्दल आधी बोलून घे. आणि कंपनीची बस तुमच्या फाट्यापर्यंत येते का, हे रुजू होण्याआधी लेखी विचार. दुसरी पाळी संपवून रात्री अकराला गेटबाहेर पडलेल्या माणसाला हायवेवर एसटी मिळेलच असं नाही.